रस्ते विभाग आणि खासगी सल्लागार अभियंते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मोठ्या रस्त्यांवर आता बहुतेक ठिकाणी विभागाचा अभियंता आणि खासगी सल्लागार कंपनीचा अभियंता शेजारी-शेजारी उभे असतात. कुणी कुणाचं ऐकायचं, सही कुणाची, चूक कुणाची, याबद्दल सतत प्रश्न येतात. विचारणारे तीन प्रकारचे आहेत: नव्याने रुजू झालेले कनिष्ठ अभियंते, सल्लागार कंपनीत पहिली नोकरी करणारी मुलं-मुली, आणि ज्यांच्या शेतातून रस्ता जाणार आहे ते शेतकरी. उत्तरं मुख्यतः राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. राष्ट्रीय महामार्गाचे नियम जिथे वेगळे आहेत तिथे तसं सांगितलं आहे.

१. सल्लागार आणि कंत्राटदार यांत फरक काय? साइटवरच्या बोर्डावर दोघांचीही नावं असतात.

कंत्राटदार रस्ता बांधतो. सल्लागार रस्ता कसा बांधायचा ते ठरवायला विभागाला मदत करतो, किंवा बांधकाम चालू असताना विभागाच्या वतीने लक्ष ठेवतो. कंत्राटदाराला खडी, डांबर, सिमेंट, यंत्रं आणि मजूर यांचे पैसे मिळतात, सल्लागाराला माणसांच्या वेळेचे आणि ज्ञानाचे. दोघांचे करार वेगळे असतात आणि दोन्ही करारांत दुसरी बाजू विभागाची असते. म्हणून सल्लागार आणि कंत्राटदार यांच्यात पैशाचा कोणताही थेट व्यवहार असता कामा नये. अपवादासाठी प्रश्न १२ पाहा.

२. विभागाकडे एवढे अभियंते असताना बाहेरचे लोक कशाला?

एका विभागाचा कार्यकारी अभियंता फक्त रस्ते बघत नाही. शासकीय विश्रामगृहं, न्यायालयाच्या इमारती, रुग्णालयं, पावसाळ्यातले खड्डे, विधानसभेतल्या तारांकित प्रश्नांची उत्तरं, सगळं त्याच्याच टेबलावर येतं. त्यात ६० किलोमीटरच्या रस्त्याचं सर्वेक्षण, मातीची तपासणी, पुलांचे संकल्पन (डिझाइन) आणि अंदाजपत्रक एकदम आलं, तर उपविभागातले चार अभियंते ते वेळेत उरकू शकत नाहीत. शिवाय बोगदा किंवा लांब गाळ्याचा पूल अशी कामं एका अभियंत्याच्या नोकरीत एखाद-दुसऱ्या वेळी येतात. सल्लागार कंपनीत तीच कामं वर्षानुवर्षं करणारी माणसं असतात.

ही पद्धत नवी नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा व्यवहार्यता अभ्यास राज्य शासनाने १९९० साली राइट्स आणि स्कॉट विल्सन कर्कपॅट्रिक या ब्रिटिश कंपनीकडे दिला होता. तो मार्ग पूर्ण सुरू झाला २००२ साली.

मात्र एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. विभागाने स्वतः संकल्पन करणं पूर्णपणे सोडलं, तर दुसऱ्याचं संकल्पन तपासण्याची ताकदही हळूहळू जाते. विभागाचं स्वतःचं संकल्पचित्र मंडळ आहे, ते मजबूत राहिलं पाहिजे. काही लहान पूल, मोऱ्या आणि काही किलोमीटर रस्ता दरवर्षी विभागाच्या अभियंत्यांनी स्वतः आखावा. कागदावर स्वतः कधी हिशेब न केलेला माणूस दुसऱ्याच्या हिशेबातली चूक पकडू शकत नाही.

३. डीपीआर सल्लागार, पीएमसी, ऑथॉरिटी इंजिनिअर, इंडिपेंडंट इंजिनिअर… हे सगळे वेगवेगळे आहेत का?

हो, आणि करार कुठल्या प्रकारचा आहे त्यावर ते ठरतं.

डीपीआर सल्लागार निविदेच्या आधी येतो. सर्वेक्षण, आखणी, संकल्पन आणि अंदाजपत्रक मिळून सविस्तर प्रकल्प अहवाल तो तयार करतो. पीएमसी म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार. बी-१ किंवा बी-२ या निविदा नमुन्यांतल्या, म्हणजे दरानुसार पैसे मिळणाऱ्या, नेहमीच्या कामांवर तो विभागाच्या अभियंत्यांना देखरेखीत मदत करतो. ईपीसी करारात संकल्पन आणि बांधकाम दोन्ही कंत्राटदाराकडे असतं, तिथे विभागाच्या बाजूने तपासणारा तो ऑथॉरिटी इंजिनिअर. बीओटी (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) किंवा हायब्रिड अ‍ॅन्युइटीमध्ये खासगी उद्योजकही पैसा गुंतवतो, म्हणून तिथे इंडिपेंडंट इंजिनिअर असतो आणि त्याने दोन्ही बाजूंकडे सारख्या नजरेने बघायचं असतं.

४. सल्लागार निवडताना सर्वांत कमी दरवाल्यालाच काम का देत नाहीत?

कारण सल्लागाराची फी प्रकल्पाच्या खर्चाच्या मानाने थोडी असते, पण त्याने वाचवलेला किंवा वाया घालवलेला पैसा फार मोठा असतो. मातीच्या तपासणीत वाचवलेले काही लाख पुढे पुलाच्या पायात काही कोटी होऊन परत येतात.

म्हणून बऱ्याचदा गुणवत्ता आणि खर्च या दोन्हींवर निवड होते. लोक तिला क्यूसीबीएस म्हणतात. लिफाफे दोन असतात. तांत्रिक लिफाफ्यात कंपनीचा अनुभव, काम करण्याची पद्धत आणि प्रमुख माणसांचे बायोडेटा तपासून १०० पैकी गुण देतात. ठरलेल्या किमान गुणांपेक्षा कमी मिळाले तर दराचा लिफाफा उघडतच नाहीत. सर्वांत कमी दराला १०० गुण मिळतात, इतरांना त्या प्रमाणात कमी.

कल्पित आकडे घेऊन पाहू. ‘क’ला तांत्रिक ९० गुण, दर २ कोटी रुपये. ‘ख’ला ७८ गुण, दर १.५ कोटी. दराचे गुण: ‘ख’ला १००, ‘क’ला ७५. गुणवत्तेला ७० आणि दराला ३० टक्के वजन असेल तर ‘क’चे ८५.५ आणि ‘ख’चे ८४.६, म्हणजे ‘क’ जिंकतो. तेच वजन ६०:४० केलं तर ‘क’चे ८४ आणि ‘ख’चे ८६.८, म्हणजे ‘ख’ जिंकतो. माणसं तीच, दर तेच, निकाल उलटा. म्हणूनच वजन किती आणि गुण कशाला, हे प्रस्ताव मागवतानाच छापलेलं असलं पाहिजे. लिफाफे उघडल्यावर त्यात काडीचाही बदल झाला तर ती प्रक्रिया रद्द होण्यालायक ठरते.

लहान, साच्यातल्या कामांना किमान दराची पद्धत चालते, त्याला हरकत नाही.

५. कार्यकक्षेत नेमकं काय लिहावं? आम्ही मागच्या कामाचीच नक्कल करतो.

निम्म्या तक्रारींचं मूळ याच सवयीत आहे. कार्यकक्षा म्हणजे सल्लागाराने काय करायचं, कधी द्यायचं आणि कसं मोजायचं याचा कागद. कोकणातल्या रस्त्याच्या कार्यकक्षेत मराठवाड्यातल्या कामाची नक्कल उतरवली, तर काळ्या मातीच्या फुगण्याच्या चाचण्या मागितल्या जातात आणि डोंगरउताराच्या स्थिरतेबद्दल अवाक्षर नसतं. मग पहिल्याच पावसात दरड आली की सल्लागार करार दाखवतो, आणि त्याचं बरोबर असतं.

कार्यकक्षा लिहिण्याआधी शाखा अभियंत्याने रस्ता एकदा पायी किंवा दुचाकीवरून सावकाश पाहावा. कुठे पाणी साठतं, कुठल्या मोरीवरून पूर जातो, कुठे बाजार भरतो, कुठलं वळण अपघाताचं आहे, हे लिहून काढावं आणि त्या प्रत्येक ठिकाणी सल्लागाराकडून काय हवं ते त्यापुढे लिहावं. मातीच्या तपासणीसाठी किती बोअर, कुठल्या खोलीपर्यंत, कुठल्या महिन्यात वाहनगणना, कोण माणूस किती दिवस साइटवर, हेही आकड्यांत यावं. ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द कार्यकक्षेत जितका कमी तितकं पुढचं भांडण कमी.

६. डीपीआरला एवढे महिने का लागतात? गूगलवर रस्ता दिसतोच की.

उपग्रहाच्या चित्रात रस्ता दिसतो, पण त्याखालची माती दिसत नाही आणि त्यावरचा भारही दिसत नाही.

वाहनगणना सलग ७ दिवस, दिवसाचे २४ तास चालते. अक्षभार, म्हणजे वाहनाच्या एकेका आसावर येणारं वजन, मोजण्यासाठी ट्रक थांबवून चाकांखाली वजनाचे पॅड ठेवतात. हे महत्त्वाचं, कारण अक्षावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान ढोबळमानाने १६ पट होतं. त्यामुळे काही जास्त भरलेले ट्रक शेकडो मोटारींपेक्षा भारी पडतात. आता हीच गणना पश्चिम महाराष्ट्रात जुलैमध्ये केली तर काय होईल? कारखाने बंद, उसाचे ट्रक नाहीत, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या नाहीत. आकडे खरे असतील, पण रस्ता चुकीचा आखला जाईल. गळीत हंगामात पुन्हा मोजायला हवं. हे पुण्या-मुंबईच्या कार्यालयात बसलेल्या सल्लागाराला ठाऊक असेलच असं नाही. उपविभागातल्या माणसाला ते ठाऊक असतं, पण त्याला कुणी विचारत नाही.

पुराचंही तसंच. पुलाची उंची पुराच्या सर्वोच्च पातळीवरून ठरते. नदीवर मापनकेंद्र नसेल तिथे गावातली जुनी माणसं ‘पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं’ असं सांगतात. सल्लागाराच्या सर्व्हेअरने ती पायरी लेव्हल लावून मोजायची आणि पाणलोट क्षेत्रावरून काढलेल्या विसर्गाशी ताडून पाहायची. दोन्हींत मोठा फरक आला तर हिशेब पुन्हा तपासायचा.

याखेरीज नकाशे, मातीचे बोअर, महावितरणचे खांब, पाण्याच्या लाइनी, झाडांची गणती आणि वनजमिनीची कागदपत्रं आहेतच.

७. विभाग अहवाल ‘तपासतो’ म्हणजे काय करतो? प्रत्येक हिशेब पुन्हा करतो का?

नाही, तसं करणं शक्यही नाही. तपासणी तीन थरांत व्हावी.

आधी इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) संहिता पाळल्या आहेत का ते पाहायचं. सर्वेक्षण आणि अहवालासाठी आयआरसी:एसपी:१९, डांबरी रस्त्याच्या जाडीसाठी आयआरसी:३७, काँक्रीट रस्त्यासाठी आयआरसी:५८, पुलावरच्या भारांसाठी आयआरसी:६, दुपदरी आणि चौपदरी रस्त्यांच्या मॅन्युअलसाठी अनुक्रमे एसपी:७३ आणि एसपी:८४. या संहिता विभाग आणि सल्लागार या दोघांची सामाईक भाषा आहेत. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालची रस्तेविकास समिती १९२७ साली नेमली गेली, आणि त्यातूनच पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. शासकीय आणि खासगी अभियंते तिच्या समित्यांवर एकत्र बसतात.

दुसरा थर नमुना तपासणीचा: अवघड जागा निवडून तिथला हिशेब स्वतः करायचा. एक पूल, एक भराव, एक चौक. तिसरा थर साइटचा. नकाशा हातात घेऊन रस्त्यावर जायचं. नकाशात मोरी आहे आणि जागेवर ओढा दुसरीकडे आहे, असं आढळलं तर बाकी अहवालही शंकेने वाचायचा.

मोठ्या किंवा वेगळ्या धर्तीच्या पुलांचं संकल्पन आयआयटी, व्हीजेटीआय, व्हीएनआयटी अशा संस्थेकडून स्वतंत्रपणे तपासून घेता येतं. मात्र ती संस्था मूळ संकल्पकाशी जोडलेली नसावी.

८. साइटवर पीएमसीचा अभियंता एक सांगतो आणि आमचे साहेब दुसरं. कंत्राटदाराने कुणाचं ऐकायचं?

करारात ज्याला ‘अभियंता’ म्हटलं आहे त्याचं, आणि तेही लेखी. बी-१ किंवा बी-२ करारात हा अधिकार कार्यकारी अभियंत्याकडे असतो, आणि पीएमसी त्याने सोपवलेल्या मर्यादेत बोलतो. ईपीसीत रोजच्या तांत्रिक बाबी ऑथॉरिटी इंजिनिअरकडे असतात, पण खर्च वाढवणारा बदल किंवा मोठी मुदतवाढ त्याला विभागाच्या मंजुरीशिवाय देता येत नाही.

कनिष्ठ अभियंत्यांना विनंती: कंत्राटदाराच्या सुपरवायझरला परस्पर फोनवर सूचना देऊ नका. पीएमसीला सांगा आणि साइट ऑर्डर बुकात (साइटवरच्या सूचना लिहायच्या वहीत) नोंद करा. तोंडी सूचनेने भिंत दोन मीटर सरकली की सहा महिन्यांनी ती कुणी सरकवली हे कुणालाच आठवत नाही.

९. मोजमाप पुस्तकावर सही कुणाची? सल्लागाराने मोजलं तर आम्ही पुन्हा मोजायचं का?

दरपत्रकावर चालणाऱ्या कामात सल्लागाराचा माणूस कंत्राटदारासोबत मोजमाप घेऊन तयार ठेवतो, पण विभागाचा अभियंता नोंद पडताळल्याशिवाय देयक पुढे जाऊ नये. शासनाचा पैसा देण्याची जबाबदारी विभागाची आहे आणि ती कुठल्याही कराराने बाहेर सोपवता येत नाही. सगळं पुन्हा मोजायची गरज नाही. झाकली जाणारी कामं, म्हणजे पाया, सळई, भरावाचे थर, ही मात्र झाकण्याआधी स्वतः पाहावीत. डांबराचा थर नंतर कोअर, म्हणजे रस्त्याचा उभा गोल नमुना, काढून मोजता येतो, पण काँक्रीटमध्ये गाडली गेलेली सळई तितक्या सहज दिसत नाही.

ईपीसीत खडीच्या घनमीटरवर पैसे मिळत नाहीत, ठरलेले टप्पे पूर्ण झाल्यावर मिळतात. तिथे प्रश्न ‘किती’ यापेक्षा ‘टप्पा खरोखर पूर्ण झाला का’ असा असतो.

१०. प्रस्तावात नाव एकाचं होतं, साइटवर दुसराच टीम लीडर आला. चालतं का?

विभागाच्या लेखी संमतीशिवाय चालत नाही. निवडीत त्याच माणसाच्या बायोडेटाला गुण मिळाले होते (प्रश्न ४). आजारपण, राजीनामा ही खरी कारणं असतात, अशा वेळी तेवढ्याच किंवा जास्त योग्यतेचा माणूस द्यावा लागतो. बहुतेक करारांत वारंवार बदल केल्यास फी कापायची तरतूद असते आणि ती वापरावी. एकच पूल-तज्ज्ञ एकाच वेळी पाच प्रकल्पांवर पूर्णवेळ दाखवला जातो, हा प्रकारही सर्रास होतो. हजेरी आणि साइट ऑर्डर बुकातल्या त्याच्या सह्या जुळवून पाहा.

उलट बाजूही सांगायला हवी. विभाग वर्षभर जागा ताब्यात देत नाही, काम सुरू होत नाही, आणि कंपनीने चांगला माणूस तसाच बसवून ठेवावा ही अपेक्षा रास्त नाही.

११. रस्ता खचला किंवा पुलाला तडे गेले तर जबाबदार कोण?

आधी कारण, मग जबाबदारी. वर्तमानपत्रात उलट क्रम दिसतो. माहिती चुकीची गोळा झाली होती का, संकल्पन चुकलं का, बांधकाम निकृष्ट झालं का, की देखभाल झाली नाही, हे चार वेगळे प्रश्न आहेत. मातीचे नमुने, घनता चाचण्या, काँक्रीटच्या ठोकळ्यांचे (क्यूबचे) निकाल, साइट ऑर्डर बुक, यांवरून उत्तर निघतं. दक्षता व गुणनियंत्रण मंडळ हेच कागद मागतं.

संकल्पनाची चूक निघाली तर ‘विभागाने मंजुरी दिली होती’ एवढ्याने सल्लागार सुटत नाही. मंजुरीमुळे त्याची जबाबदारी संपत नाही असं कलम साधारणपणे करारात असतं. फी कापणं, व्यावसायिक जबाबदारी विम्यातून भरपाई, काही काळ निविदांतून वगळणं अशा कारवाया होतात. वगळण्याआधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, नाहीतर न्यायालयात आदेश टिकत नाही. आणि तपासणी केलीच नव्हती असं दिसलं तर विभागाचा अभियंताही सुटत नाही. बांधकामातला दोष दोषदायित्व कालावधीत (काम झाल्यावरच्या हमीच्या मुदतीत) कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो.

१२. डीपीआर करणाऱ्याच कंपनीने पुढे देखरेख करावी का? आणि तीच कंपनी कंत्राटदारालाही सल्ला देत असेल तर?

पहिल्या प्रश्नावर मतभेद आहेत. फायदा असा की आखणी करणाऱ्याला प्रत्येक निर्णयामागचं कारण ठाऊक असतं. धोका असा की स्वतःची चूक तो साइटवर गुपचूप झाकू शकतो. माझं मत: लहान कामात चालेल, मोठ्या कामात देखरेख दुसऱ्याकडे द्यावी आणि मूळ संकल्पकाला ठरावीक भेटींसाठी करारातच बांधून घ्यावं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे. ईपीसीत कंत्राटदार स्वतःचा संकल्पक नेमतो, ते नियमाला धरूनच आहे. पण तीच कंपनी किंवा तिची भगिनी कंपनी विभागाच्या बाजूने त्याच कामाची तपासणी करू शकत नाही. असं नातं निविदेच्या वेळीच जाहीर करावं लागतं, लपवलं तर करार रद्द होऊ शकतो.

१३. सल्लागाराच्या माणसांनी माझ्या शेतात खुणांचे दगड रोवले. मोबदल्याबद्दल त्यांच्याशीच बोलायचं का?

नाही. सल्लागार फक्त आखणी आणि मोजणीला मदत करतो. मोबदला ठरवण्याचा किंवा कबूल करण्याचा अधिकार त्याला नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या कायद्यानुसार सक्षम प्राधिकारी मोबदला ठरवतो. राज्याच्या रस्त्यांसाठी २०१३ चा भूसंपादन कायदा, महाराष्ट्र महामार्ग अधिनियम १९५५ किंवा थेट खरेदी, यांपैकी कोणती प्रक्रिया लावली आहे हे अधिसूचनेतून किंवा प्रांताधिकारी कार्यालयातून कळतं. संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहा. विहीर, झाडं, पाइपलाइन, गोठा यांची नोंद झाली का ते पाहून मगच सही करा. हरकत लेखी द्या, मुदतीत द्या आणि पोच घ्या. सर्व्हेअर मुलगा ‘तुमची विहीर वाचेल’ म्हणाला, याला कायद्यात किंमत नाही.

१४. ‘आखणी जरा इकडून घ्या’ असा तोंडी दबाव आला तर सल्लागाराने काय करावं?

पर्याय म्हणून अभ्यास करावा आणि तो अभ्यास अहवालात छापावा. लांबी किती वाढते, घरं किती जातात, खर्च किती, अपघाताचा धोका कसा बदलतो, हे दोन्ही आखण्यांसाठी एकाच तक्त्यात मांडावं. कधी कधी सुचवलेली आखणी खरंच चांगली निघते, लोकप्रतिनिधींना गाव माहीत असतं. नसेल, तर तक्ताच बोलतो. निर्णय विभागाचा, पण शिफारस सल्लागाराची, आणि त्याने न केलेली शिफारस त्याच्या नावावर खपवू नये. अशा वेळी कार्यकारी अभियंत्याने बैठकीचं इतिवृत्त काढून सल्लागाराला पाठबळ द्यावं. मनाने तो एकटा पडला की पुढच्या कामात खरं बोलायचं सोडतो.

१५. सल्लागाराचं बिल महिनोन्‌महिने अडतं. त्यात विभागाचं काय बिघडतं?

बरंच. डीपीआरची फी टप्प्यांवर मिळते: प्रारंभिक अहवाल, व्यवहार्यता, मसुदा, अंतिम. मसुद्यावर शेरे यायलाच चार महिने लागले तर कंपनी आपली चांगली माणसं दुसऱ्या कामावर हलवते, आणि शेऱ्यांची पूर्तता नवखी मुलं करतात. शेरे देण्याची मुदत विभागावरही बंधनकारक असावी, आणि सगळे शेरे एकदाच द्यावेत. प्रत्येक टेबलावरून नवा शेरा निघाला की अहवाल दहादा फिरतो आणि तेवढ्याने तो सुधारत नाही.

१६. माहिती अधिकारात डीपीआर मिळतो का? सल्लागार ‘आमची मालमत्ता’ म्हणतो.

फी देऊन करून घेतलेला अहवाल विभागाच्या ताब्यातली माहिती आहे. २००५ च्या कायद्यातल्या ‘माहिती’च्या व्याख्येत अहवाल, करार आणि नमुने येतात. कलम २(जे) नुसार कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, जो फार कमी लोक वापरतात. व्यापारी गुपिताचं कारण कलम ८(१)(डी) खाली देता येतं, पण व्यापक सार्वजनिक हित असेल तर तिथेही माहिती द्यावी लागते. अर्ज विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा, कंपनीकडे नाही.

१७. पूल अचानक धोकादायक दिसला तर निविदा काढून सल्लागार नेमण्याएवढा वेळ कुठे असतो?

आधी वाहतूक थांबवा. त्यासाठी सल्लागाराच्या अहवालाची वाट पाहायची नसते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात गेला आणि एसटीच्या बसही त्यात वाहून गेल्या. त्यानंतर देशभर जुन्या पुलांच्या नोंदी आणि तपासणीला वेग आला, आणि तिथला नवा पूल जून २०१७ मध्ये सुरू झाला.

तातडीच्या प्रसंगी नामनिर्देशनाने, म्हणजे स्पर्धा न घेता, सल्लागार नेमण्याची वाट मोकळी असते. पण कारणं लेखी नोंदवून, सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने, आणि तेवढ्याच तातडीच्या कामापुरती. पूल तपासायला घेतलेल्याच आदेशात पुढच्या नव्या पुलाचं संकल्पनही घालणं योग्य नाही, ते काम पुन्हा प्रश्न ४ च्या रीतीनेच गेलं पाहिजे. याहून चांगला उपाय म्हणजे पावसाळ्याआधीच मंडळस्तरावर पूल तपासणाऱ्या सल्लागारांची दरासह यादी मंजूर करून ठेवणं. मग पाणी चढतानाही अधीक्षक अभियंत्याला फक्त एक कार्यादेश काढावा लागतो.